बर्फावरचा इंग्रजी आठ

लहानपणी अक्का मला इंग्रजी पेपरातली चित्रं वाचून दाखवायची. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आमचं चिकपेटेत कापडाचं दुकान आणि मागच्या गल्लीत घर. पणजोबांच्याही आधीपासून आम्ही बंगळुरात. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि इंग्रजी फक्त पेपरात. वडील दुपारी जेवायला येताना दुकानातला पेपर घेऊन यायचे. जेवून ते आडवे झाले की पेपर आमचा. आम्हाला त्यातल्या बातम्यांशी काही देणंघेणं नव्हतं. आम्हाला हव्या असायच्या त्या तीन-चार चौकटींच्या चित्रमालिका.

डिसेंबर आला की त्या चौकटींमध्ये बर्फ पडायला लागायचा. तळी गोठायची आणि माणसं बुटांखाली पाती लावून त्यांवरून घसरत सुटायची. आमच्याकडेही त्याच दिवसांत थंडी असायची, म्हणजे आई कानाला मफलर गुंडाळायची आणि अंगणातली बादली उन्हात ठेवायची, एवढंच. गोठलेलं तळं म्हणजे काय, हे मला अक्काने समजावलं होतं. "पायसम वाटीत घट्ट होतं ना, तसं."

एक चित्र मला अजून दिसतं. उंच टोपी घातलेला एक जाडा गृहस्थ हात मागे बांधून, एक पाय उचलून, बर्फावर इंग्रजी आठ काढतोय. दुसऱ्या चौकटीत आठ आणखी मोठा झालाय. तिसऱ्या चौकटीत बर्फाला भोक पडलंय आणि पाण्यावर नुसती टोपी तरंगतेय.

"हा असं का करतोय?" मी विचारलं.

"शिक्षा झालीय," अक्का म्हणाली. "आठाचा पाढा चुकला राजापुढे. आता एका पायावर बर्फात आठ काढायचा. काढलेल्यावरच पुन्हा काढायचा, रेघ हलता कामा नये. राजाची माणसं गुडघे टेकून तपासतात."

"मग बुडला कसा?"

"आठ आठे चौसष्ट म्हणायला विसरला."

माझा आठाचा पाढा तेव्हापासून पक्का आहे. बाकीचे पाढे मात्र यथातथाच राहिले, म्हणून मी पुढे इंग्रजीचा प्राध्यापक झालो.

गेल्या वर्षी निवृत्त झालो आणि घरात सगळ्यांच्या पायांत यायला लागलो. बायको मूळची पुण्याची, स्पष्ट बोलते. "अहो, काहीतरी छंद लावून घ्या. मी शोधून देऊ का?" मी म्हटलं, छंद आहे मला. आणि दुसऱ्या दिवसापासून जुन्या पेपरांतल्या चित्रमालिका शोधायला लागलो. जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात अशा मालिकांचा जाडजूड संग्रह मिळाला, आणि त्यात चक्क माझा टोपीवाला सापडला! आता मला इंग्रजी वाचता येत होतं. गृहस्थ बायकोला सांगत होता, "डॉक्टर म्हणाले, वजन कमी कर. आता बघ, मी पिसासारखा हलका झालोय." राजाचा पत्ता नव्हता आणि पाढ्याचाही नव्हता.

मी अक्काला फोन केला. ती बंगळुरातच, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात राहते. भावोजींचं तिथे मशीनचे सुटे भाग बनवायचं लहानसं वर्कशॉप होतं. ते गेल्यावर अक्कानेच ते चालवलं आणि अलीकडे मुलाच्या हाती दिलं.

"अक्का, तुला इंग्रजी येत नव्हतं?"

"सातवीतल्या पोरीला कुठलं येतंय रे? मी चित्र बघायचे आणि मनाचं सांगत सुटायचे. तू कधी विचारलंस?"

मी इंग्रजीची पदवी घेतली, पुढची पदवी घेतली, कॉलेजात पोरांना वर्षानुवर्षं मूळ संहितेकडे जा म्हणून बजावलं, आणि माझी स्वतःची पहिली संहिता अशी बनावट निघाली. पण खरी गंमत पुढेच होती. त्या चित्राच्या मागचा इतिहास शोधायला लागलो तर अक्काचंच बरंचसं खरं निघालं. राजा तेवढा नव्हता. पूर्वी माणसं प्राण्यांची हाडं पायांना बांधून गोठलेल्या पाण्यावरून जायची, मग लाकडात बसवलेली लोखंडी पाती आली. पुढे इंग्लंडातल्या प्रतिष्ठित गृहस्थांनी ते फार गंभीरपणे घेतलं. स्कॉटलंडमधल्या एका जुन्या क्लबात शिरायचं तर दोन्ही पायांवर एकेक वर्तुळ काढून दाखवायचं आणि मग बर्फावर ठेवलेल्या टोप्यांवरून उडी मारायची! नंतर कुणा अमेरिकन नर्तकाने त्यात संगीत आणि नाच आणला, तर त्याच्याच देशात लोकांनी नाकं मुरडली. तरी स्पर्धांमधून आठाची आकृती बरीच वर्षं टिकली. एका पायावर आठ, त्याच रेघेवर पुन्हा आठ, आणि परीक्षक खरोखरच वाकून रेघ तपासायचे. पुढे टीव्ही आला. वाकलेले परीक्षक बघत कोण बसणार? आठ काढून टाकले आणि उड्या, गिरक्या राहिल्या.

एवढं ज्ञान पोटात मावेना. मी आमच्या मराठी मंडळात व्याख्यान ठेवलं. विषय होता, 'चौकटीतला बर्फ'. बायको म्हणाली, "फ्रीजमधला ट्रे काढायला तुम्ही मला हाक मारता." तरी ती आली. आमची जुनी मंडळी आली आणि मारतहळ्ळीहून आयटीतली काही तरुण मुलंही आली. मला भरून आलं. नंतर कळलं, निमंत्रणात व्याख्यानापेक्षा मोठ्या अक्षरांत साबुदाणा वड्यांचा उल्लेख होता.

व्याख्यान रंगलं, असं माझं मत. मी टेबलामागे एका पायावर उभा राहून शरीराचा तोल आणि पात्याची कड समजावली. शेवटी एका तरुण मुलीने हात वर केला.

"सर, टू गुड. तुम्ही स्वतः आइस स्केटिंग कुठे शिकलात?"

मी गालातल्या गालात हसलो. "अहो, बंगळुरात बर्फ कुठला?"

"इथे मॉलमध्ये रिंक आहे ना, सर. मी वीकएंडला जाते."

मी पाण्याचा ग्लास उचलला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून अक्का उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "सरी, ठीक आहे. आम्ही उद्याच जातो."

दुसऱ्या दिवशी अक्का सलवार-कमीज घालून माझ्या दारात हजर. तिला मी त्या वेशात आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मला आशा होती की रिंक बंद असेल. पण रिंक सुरू होता, वयाची अट नव्हती आणि माझ्या मापाचे बूटही होते. मॉलमध्ये आपण नेहमी हिंडतो त्या चकचकीत फरशीपासून चार पावलांवर दार, आणि आत अक्षरशः पांढरा बर्फ. बूट घालून मी बाकावरून उठलो आणि लगेच बसलो.

तिथे शिकवणारी मुलगी कन्नड बोलणारी होती. तिने मला एकदा नीट न्याहाळलं आणि एक प्लास्टिकचा पेंग्विन पुढे केला. लहान मुलांनी तोल सांभाळायला त्याला धरायचं असतं.

"अंकल, हा धरा."

"याची गरज नाही," मी म्हणालो. "मी या विषयावर व्याख्यान दिलंय."

पेंग्विन तिने जवळच उभा करून ठेवला.

अक्काने कठडा धरला, बर्फावर पाय ठेवला आणि हळूहळू सरकायला लागली. मी तिच्या मागून सूचना देत होतो. "अक्का, वजन कडेवर दे. आतल्या कडेवर. पूर्वीच्या काळी काय करायचे, हात मागे बांधून..." हे सांगताना मी हात मागे बांधले.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. शिकवणारी मुलगी "निधान, अंकल, निधान!" असं ओरडली, म्हणजे हळू, पण हळू जाणं तेव्हा माझ्या हातात राहिलं नव्हतं. मी आधी डावीकडे गेलो, मग खाली आलो, मग बसल्या बसल्या बराच वेळ घसरत राहिलो. एक चिमुरडी पेंग्विन ढकलत माझ्या शेजारून निघून गेली. थांबलो तेव्हा अक्का कठड्याला धरून पोट दुखेपर्यंत हसत होती.

"अरे, मागे बघ! आठ काढलास!"

मी वळून बघितलं. बर्फावर माझी वाकडी रेघ उमटली होती. ती वरून तिरकी खाली आली होती आणि टोकाला वळून संपली होती.

"इंग्रजी नाही जमला," अक्का डोळे पुसत म्हणाली, "पण मराठी आठ झालाय बघ. ८!"

मीही हसलो. हसताना मनगटात कळ उठली तेव्हा कळलं की बाकी सगळं विनोदी असलं तरी हे खरं आहे. शिकवणाऱ्या मुलीने हात बघितला आणि पेंग्विन माझ्या दुसऱ्या हातात दिला. मी पेंग्विनला धरूनच बाहेर आलो.

हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?"

"फिगर स्केटिंग करताना पडलो," मी शक्य तेवढ्या सहजपणे सांगितलं.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि केसपेपरवर लिहिलं, 'घरात घसरून पडले.' बायको म्हणाली, "राहू दे, डॉक्टर. तेच शोभतं."

प्लास्टर असताना अक्का रोज भेटायला यायची. एक दिवस मनगटाची चौकशी न करताच ती म्हणाली, "मी परत जाऊन आले."

"कुठे?"

"बर्फावर. कठडा सोडला रे आज. स्वल्पच, पण सोडला." ती खिडकीतून बाहेर बघत होती. "वर्कशॉपमध्ये इतकी वर्षं दिवसभर उभी असायचे. पाय दुखायचे. पाय घसरत जातात, आपण काहीच करत नाही तरी पुढे जातो, हे माहीतच नव्हतं मला."

माझ्याकडे इतिहास भरपूर होता, पण त्यात हे कुठे आलेलं नव्हतं.

आता ती दर आठवड्याला जाते, सकाळी, गर्दी नसताना. तिथल्या शिकवणाऱ्या मुलीने तिला एका पायावर वळायला शिकवलंय. प्लास्टर निघाल्यापासून मीही सोबत जातो. काचेबाहेरच्या बाकावर तिची पर्स, चष्म्याची डबी आणि चपला सांभाळत बसतो. परवा शेजारी एक बाई येऊन बसल्या. त्यांचा मुलगा आत शिकत होता. माझ्या मांडीवरची पर्स बघून त्यांनी मायेनं विचारलं, "नातीला घेऊन आलात?"

"नाही," मी म्हणालो, "मोठ्या बहिणीला."

तेवढ्यात अक्का काचेजवळून गेली, हात वर करून मला काहीतरी ओरडली. काचेमुळे शब्द ऐकू आले नाहीत. 'आठ आठे चौसष्ट'च असणार, असं ठरवून मी मान डोलावली.