दिवाळीआधीच्या मेल

श्रीगोंद्यात मी ब्यूटी पार्लर उघडलं तेव्हा पहिले काही महिने मी एकटीच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून आरशात बघत असायचे. पुण्यात कोर्स करून आले होते. वडील शाळामास्तर. त्यांनी बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेऊन दिली आणि 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी स्वतः रंगवली. गावातल्या बायका पाटी वाचायच्या आणि पुढं जायच्या. काहींना पार्लर म्हणजे सिनेमातल्या बायकांचं काम वाटायचं. काहींना मी कोणाच्या घरातली, कोणत्या वस्तीतली, हे माहीत होतं. आमच्या घरी भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. माझ्या हातानं आपल्या तोंडाला काही लावून घ्यायचं की नाही, याचा विचार त्या करत असणार. तोंडावर कोणी काही बोललं नाही, एवढंच.

अशा दिवसांत एक मुलगी आत आली. कॉलेजात होती, साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायची. वडील कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर होते. तिनं भुवया कोरून घेतल्या, डोळ्यांतून पाणी काढलं, हसली, आणि तासभर तिथंच बसून राहिली. दुसऱ्या आठवड्यात दोन मैत्रिणींना घेऊन आली. माझं पार्लर चाललं ते तिच्यामुळं. कॉलेज सुटलं की ती यायची, काम नसलं तरी यायची. मी दोऱ्याचं एक टोक दातात धरून कोणाच्या तरी भुवया करत असायचे आणि ती मागच्या बाकावर बसून बडबडत असायची. मला बहीण नाही. ती मला ताई म्हणायची, आणि माझ्या लग्नात तुम्हीच मला नटवायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. अंबाड्याला गजरा कसा, कपाळावर टिकल्यांची नक्षी कशी, सगळं तिचं ठरलेलं.

पुढं ती पुण्याला संगणक शिकायला गेली आणि तिथंच नोकरीला लागली. आधी सणावारी यायची. मग एका उन्हाळ्यात बातमी आली की तिनं नोंदणी करून लग्न केलं. मुलगा तिच्या ऑफिसातला, सोलापूरकडचा. तो आमच्यातला निघाला, बौद्ध. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं, पण कॉलनीत बोलणं सुरू झालं की हे सगळं पार्लरमध्येच शिजलं. कॉलनीतल्या बायका यायच्या थांबल्या. तिच्या वडिलांनी मुलगी आपल्याला मेली असं जाहीर केलं. तिची पत्रं न फोडता परत जायची. फोन शेजारच्या घरी होता, तिथंही निरोप द्यायचा नाही अशी ताकीद होती.

मला तिचा राग आला नाही, पण एक रुखरुख लागून राहिली. तिनं मलाही सांगितलं नव्हतं. मागचा बाक रिकामा दिसला की कामात लक्ष लागायचं नाही.

गिऱ्हाइकांना मी आधीपासून पोस्टकार्डं टाकायचे. लग्न होऊन बाहेरगावी गेलेल्या मुली दिवाळीला माहेरी येतात, त्यांना आधी वेळ ठरवून ठेवा म्हणून कळवायचं. त्यातली दुसरी एक मुलगीही पुण्यात नोकरी करत होती. ती म्हणाली, "ताई, कार्ड सासूच्या हातात पडतं. तुम्ही मेल करा ना, ऑफिसात मिळते." मेल म्हणजे काय हे मला तिनंच खुर्चीत बसल्या बसल्या समजावलं. नगरला दिल्ली गेटच्या बाजूला तेव्हा नुकताच एक सायबर कॅफे निघाला होता. सोमवारी पार्लर बंद असायचं. एका सोमवारी मी एसटीनं नगरला गेले.

कॅफेचा मालक चाळिशीतला, आधी त्याचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. त्यानं मला मेलचा पत्ता उघडून दिला. फोनच्या तारेतून आधी खरखर यायची, शिट्ट्या वाजायच्या, आणि मग बराच वेळ काही नाही. तोवर तो चहा मागवायचा. मराठी अक्षरं नव्हती, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. वाट आणि वात तिथं एकसारखंच दिसायचं. मी एकेक अक्षर शोधून लिहिलं: दिवाळीला येताय ना? फेशियल, मेंदी, केसांसाठी आधी कळवा म्हणजे थांबावं लागणार नाही. तुमची वाट बघते. ज्यांचे पत्ते मिळाले होते त्या मोजक्या मुलींना ते पाठवून दिलं. मागच्या बाकावरच्या माझ्या त्या मुलीचाही पत्ता तिच्या एका मैत्रिणीकडून मिळाला होता. तो टाकावा की नाही, याचा विचार मी एसटीत केला होता. शेवटी टाकला. बाकीच्यांना जे गेलं तेच तिलाही गेलं, एक शब्द जास्त नाही.

पुढच्या सोमवारी उत्तरं आली होती. कोणी फेशियलचं विचारलं नव्हतं फारसं. एकीनं विचारलं होतं, कारखान्याचा भोंगा अजून ऐकू येतो का. एकीला सोमवारच्या बाजारात बोरं आली का ते हवं होतं. गावातून कोणीतरी लिहितंय एवढ्यानंच त्या पोरी ऑफिसात बसून लिहीत सुटल्या होत्या. तिची मेल सगळ्यात खाली होती आणि सगळ्यात लहान होती. ताई, मला कोणी येताय ना असं विचारलं नव्हतं. मी येऊ शकत नाही. आई दिसली तर कशी आहे ते सांगाल?

मी कॅफेवाल्याला ती छापून द्यायला सांगितली. कागद पर्समध्ये ठेवला.

तिच्या आईला मी ओळखत होते ते लांबून. डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणाऱ्या बाई. पार्लरची पायरी चढल्या नव्हत्या कधी. मी कॉलनीत जाणं शक्यच नव्हतं. देवीच्या देवळाबाहेर एका मंगळवारी त्या दिसल्या. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "काकू, तिची मेल आलीय. बरी आहे. तुम्ही कशा आहात विचारते." त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. हातातलं नारळाचं ताट सावरलं आणि चालू लागल्या. मला वाटलं, संपलं.

चार दिवसांनी भर दुपारी त्या पार्लरच्या दारात उभ्या होत्या. आत दोन बायका होत्या. त्यांच्याकडं बघत काकू म्हणाल्या, "केसं लई गळत्यात. काय औषिद हाय का बघाया आले." मी त्यांना खुर्चीत बसवलं. इतर बायका जाईपर्यंत त्यांच्या डोक्याला तेल चोळत राहिले. केस अजिबात गळत नव्हते. खोलीत आम्ही दोघीच उरलो तेव्हा मी छापलेला कागद वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. मग डोळे मिटून बसल्या, माझे हात तसेच त्यांच्या डोक्यावर.

त्या मधूनमधून येऊ लागल्या. दर वेळी कारण डोक्याचं. घरी सांगायचं काय, तर तेल लावून घ्यायला जाते. त्या कोणाकडं जातात हे नवऱ्याला कळलं असणार. पण ते काही बोलले नाहीत असं त्या म्हणायच्या. पहिल्यांदा मी चहा ठेवला तेव्हा कप समोर तसाच राहिला, त्यावर साय धरली. नंतर कधीतरी, हिवाळ्यातल्या एका दुपारी, मी तिची मेल वाचत असताना त्यांनी कप उचलून पिऊन टाकला. त्यांचं लक्ष वाचण्याकडं होतं. माझं लक्ष कपाकडं गेलं आणि मी ओळ चुकले.

मेलमध्ये ती लिहायची ते अगदी साधं. ऑफिसजवळ भाकरी मिळते पण चुलीची नाही. भाड्याच्या घराला मोठी खिडकी आहे. तो भांडी घासतो. हे ऐकून काकू पहिल्यांदा हसल्या. माझ्याविषयी ती एखादीच ओळ लिहायची, आणि मी तेवढी ओळ मोठ्यानं न वाचता ठेवून घ्यायचे. तेव्हा न सांगितल्याबद्दल तिनं लिहिलं होतं: ताई, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हाला त्रास झाला असता. त्रास तसाही झाला होता. पण ते वाचून बरं वाटलं.

उन्हाळा लागला तेव्हा काकूच म्हणाल्या की त्यांना नगरला यायचंय. दवाखान्याचं निमित्त काढलं होतं. एसटीत त्या खिडकीशी बसल्या, वाटेभर ऊसतोडीवरून घराकडं परतणाऱ्या गाड्या बघत. कॅफेत आल्यावर संगणकाच्या पडद्याकडं न बघता आधी सगळीकडं बघून घेतलं, जणू मुलगी कुठंतरी आतच असेल. मी मेल उघडली आणि काय लिहू विचारलं.

"लिव," त्या म्हणाल्या, "बाजरीच्या खारोड्या घातल्यात. वाळत आल्यात. न्यायला ये म्हनावं."

"कुठं ये लिहू, काकू?"

"घरी कसं म्हनू? तुझ्यात ये म्हन."

मी पार्लरमध्ये ये असं लिहिलं.

ती आली एका सोमवारी, पार्लर बंद असतं म्हणून. नवरा नगरला स्टँडवरच थांबला होता. मी दार आतून लावून घेतलं होतं. ती आत आली तेव्हा आधी मला मिठी मारली, आणि माझ्या खांद्यावरून तिला बाकावर बसलेली आई दिसली. मला वाटलं होतं रडारड होईल. काकू उठल्या, तिच्या जवळ आल्या आणि तिचा दंड चाचपून म्हणाल्या, "वाळलीस." मग दोघी बाकावर बसल्या. मी पडद्यामागं जाऊन कारण नसताना वाट्या धूत राहिले. त्यांचं बोलणं हळू होतं, मला ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू यावं असं वाटतही नव्हतं.

थोड्या वेळानं काकूंनी मला हाक मारली. पिशवीतून त्यांनी हिरव्या बांगड्या, खण, नारळ आणि खारोड्यांची पुडी काढली होती. म्हणाल्या, "पोरी, हिला नटव. नवरीला नटवतात तसं. म्या कुठं बघितलं हिला नवरी झालेलं."

मी माझ्या आयुष्यात कितीतरी नवऱ्या नटवल्या, आधी आणि नंतरही. तसा हात पुन्हा चालला नाही. ती डोळे मिटून खुर्चीत बसली होती आणि काकू शेजारी उभं राहून बघत होत्या. अंबाडा घातला. गजरा मिळाला नाही त्या दिवशी, मोगरा संपला होता बाजारात. कपाळावर नक्षी काढली, तिनं कधीकाळी सांगितली होती तशीच. काकूंनी बांगड्या भरल्या, ओटी भरली. भरताना त्यांचे ओठ काहीतरी पुटपुटत होते.

"आई, कशी दिसते?" तिनं विचारलं.

काकूंनी तिच्यावरून हात ओवाळले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

एसटीची वेळ झाली तेव्हा तिनं बेसिनवर तोंड धुतलं. स्टँडवर कारखान्याचं कोणी ना कोणी असतंच, तसं नटून कसं जाणार. मी टॉवेल धरून उभी होते. नक्षीचा रंग गालावरून ओघळत गेला, आणि तिनं दोनदा, तीनदा साबण लावला. बांगड्या मात्र काढल्या नाहीत. काकू तिच्याआधी बाहेर पडल्या, एकट्याच, बाजाराच्या रस्त्यानं.

पाऊस संपून पुन्हा दिवाळीच्या मेल पाठवायची वेळ आली होती. एका सकाळी मी शटर उघडत होते. रस्त्याच्या पलीकडं सायकल धरून एक माणूस उभा होता. तिचे वडील. ते इकडं आले, पण 'फक्त महिलांसाठी' पाटीच्या अलीकडं थांबले. मी घाबरले होते. ते पाटीकडं बघत म्हणाले, "ती बरी हाय का?"

"बरी आहे, काका."

त्यांनी मान हलवली. सायकल वळवली आणि गेले. कारखान्याची वेळ झाली होती.

मी सोमवारची वाट बघितली नाही. दुसऱ्याच दिवशी पार्लर बंद ठेवून नगरला गेले आणि तिला लिहिलं की वडिलांनी तुझी चौकशी केली. योगायोगानं ती तिकडं पडद्यासमोरच असावी. चहा यायच्या आत उत्तर आलं. तिनं एवढंच विचारलं होतं: कशा आवाजात विचारलं?

त्या इंग्रजी अक्षरांत आवाज कसा लिहायचा ते मला कळेना. मी लिहिलं, हळू. मग लिहिलं, राग नव्हता.

त्याच दिवाळीला ती घरी गेली. थेट कॉलनीत, नवऱ्याला घेऊन. हे मला काकूंनी सांगितलं, भाऊबीज होऊन गेल्यावर. वडील जावयाशी फारसं बोलले नाहीत, पण एसटीपर्यंत सोडायला गेले म्हणे. काकूंचा चेहरा उजळला होता आणि त्या दिवशी त्यांनी चहा स्वतःहून मागितला. मी मनापासून खूश झाले. मी तिला दिवाळीआधी सगळ्यांसारखीच मेल पाठवली होती, येताय ना म्हणून. ती आलीच तर म्हणून दिवाळीतल्या दोन दुपारी मी कोणाला वेळ दिली नव्हती. दार उघडं ठेवून बसले होते. तिला सवड झाली नसेल. माहेरी दोनच दिवस मिळाले, त्यात माणसं किती भेटायची.