पॅसेजमधला चेंडू

त्या दुपारी सुहास दारात उभा होता आणि त्याची शिफ्ट सुटायला अजून तीन तास होते. सौदीतल्या जुबैलच्या आमच्या वसाहतीत माणसं कंपनीच्या बसनंच जातात आणि बसनंच परततात. माझा नवरा मात्र असा अवेळी, टॅक्सीनं आला होता. "महेश हॉलमध्ये पडला," तो म्हणाला. "मग उठला ना?" मी विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली...

महेश माझा धाकटा भाऊ. एकतीस वर्षांचा. तो व्यावसायिक फुटसाल खेळायचा. पाच-पाच जणांचा, हॉलमधला फुटबॉल. कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल टीममधून थेट बंद हॉलमध्ये गेला म्हणून बाबांनी त्याला पुष्कळ चिडवलं होतं. त्यांच्या लेखी छपराखाली खेळतात तो कॅरम. इथल्या एका खासगी क्लबनं बोलावलं, तेव्हा इकाम्यावर, म्हणजे इथल्या निवास परवान्यावर, 'खेळाडू' लिहिलेलं त्यानं सगळ्यांना दाखवलं. आमच्या ओळखीत बाकी सगळे इंजिनियर आणि अकाउंटंट. तो आमच्याकडेच राहायचा. माझ्या फ्रीजरमधले मटार कधी भाजीत पडलेच नाहीत, ते बर्फाऐवजी त्याच्या गुडघ्यांवर असायचे. जेवण झालं की पॅसेजमध्ये उभा राहून तो भिंतीवर चेंडू मारायचा. फुटसालचा चेंडू जड, फारसा उसळत नाही, त्याचा नुसता धप-धप आवाज येतो. माझ्या अकरा वर्षांच्या सईला त्यानंच नादी लावलं.

रमजानमध्ये अख्खी टीम रोजे धरायची. आपण एकटंच पाणी प्यायचं बरं दिसत नाही म्हणून हाही धरायचा, वर घरची संकष्टी होतीच. या वर्षी सरावात त्याला दोनदा भोवळ आली. मी उपासालाच बोल लावला. लिंबूपाणी दिलं, हुफूफचे खजूर पुढ्यात ठेवले आणि रागावले. "ताई, क्लबमध्ये कुणाला कळता कामा नये. नवं कॉन्ट्रॅक्ट व्हायचंय," तो म्हणाला. मी गप्प बसले.

ईद झाली, उपास संपले. नंतरच्या एका मॅचला मी सईला घेऊन गेले होते. मधेच तो भिंतीला टेकून खाली बसला. माझ्याकडे पाहून हसला आणि एक बोट वर केलं, एक मिनिट. मिनिटभरानं उठला, खेळला, गोलही मारला. त्या दिवशी दोष द्यायला उपास नव्हता, हे मला कळत होतं. तरी मी बोलले नाही. त्याचं कॉन्ट्रॅक्ट जाईल, तो परत जाईल, याची मला भीती वाटली. भीती वाटायला हवी होती ती दुसऱ्याच गोष्टीची.

तो गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की त्याच्या हृदयाचा स्नायू जन्मापासूनच जाड होता. हे घराण्यात असतं, तुम्ही आणि मुलगी दोघींनी तपासून घ्या. माझी तपासणी आधी झाली. माझ्यातही तेच निघालं, सौम्य, गोळ्यांवर भागेल असं. सईची तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली. तोवर तिनं धावायचं नाही.

ती धावत नव्हती. मामासारखी पॅसेजमध्ये उभी राहून चेंडू मारायची. "ममा, आय ॲम नॉट रनिंग," हे वर ऐकवायची. तो आवाज आला की माझा जीव खालीवर व्हायचा, आणि तरीही तिला थांबवायला तोंड उघडत नव्हतं. महेश गेल्यापासून घरात त्याचं म्हणून ऐकू येणारं तेवढंच उरलं होतं.

मागच्या सोमवारी मी पोळ्या लाटत होते आणि आवाज थांबला. लाटणं टाकून धावले. सई भिंतीला टेकून खाली बसली होती. मला पाहून हसली आणि एक बोट वर केलं. "वन मिनिट, ममा."

ती नुसती दमली होती की मामाची नक्कल करत होती, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. गुरुवारची वाट न पाहता, पिठाच्या हातांनीच तिला गाडीत बसवलं. हॉस्पिटलच्या काउंटरवर सगळं सांगितलं... महेशची भोवळ, ते बोट, माझं गप्प बसणं. पहिल्यांदाच, मोठ्यानं.

रिपोर्ट उद्या यायचा आहे. चेंडू पॅसेजमध्ये आहे तिथंच आहे. सई त्याला हात लावत नाही आणि मला तो उचलून ठेवायचा धीर होत नाही.