काळ्या पडद्याचं गाऱ्हाणं

लग्न होऊन मी मालवणला आले तेव्हा माझ्याबरोबर एक कॉम्प्युटर आला. कुडाळला कोर्स केला होता, म्हणून वडिलांनी तो दिला. सासूबाईंना त्याऐवजी कपाट चाललं असतं. दोन हजार तीनच्या आसपासची गोष्ट. मी पडवीत टेबल मांडलं आणि लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, ओरोसच्या कचेऱ्यांत द्यायचे अर्ज टाइप करून द्यायला लागले. लोक मला मॅडम म्हणायला लागले. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

नवऱ्याचं बंदराजवळ जाळी, दोर, बोयांचं दुकान. तिथे गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, "मॅडमचो घोव खंय गेलो?" मॅडमचा नवरा, हीच त्याची ओळख झाली होती. तो हसायचा. घरी आल्यावर मात्र ताट सरकवून द्यायचा, आणि आमटीत मीठ जास्त आहे म्हणायचा. मीठ बरोबर असायचं.

तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला. मी घाबरले नाही. आधी मॉनिटर बघितला. दिवा नारिंगी जळत होता, म्हणजे वीज येत होती. उजेडाचं बटण कुणी कमी केलं असेल म्हणून ते वाढवलं. मग मागची वायर कॉम्प्युटरच्या डब्यातून उपसली, तसं पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी उमटली. म्हणजे मॉनिटर धडधाकट होता, दुखणं डब्यात होतं. वायर परत लावली, डबा बंद करून पुन्हा चालू केला आणि कान लावला. आत पंखा फिरत होता, पण एक लांब भोंगा पुन्हा पुन्हा वाजत होता. हा भोंगा माझ्या ओळखीचा होता. खाऱ्या हवेनं मेमरीच्या पट्टीवर मळ चढला की तो वाजतो. दर पावसाळ्यात मी ती बोटभर हिरवी पट्टी काढून तिची पितळी कड पेन्सिलीच्या खोडरबरानं घासायची आणि परत बसवायची. नवरा शेजारी बॅटरी धरून उभा असायचा.

मी खोडरबर घेऊन डबा उघडला. पट्टी नव्हतीच. खाच रिकामी.

सासूबाई त्या डब्याला हातसुद्धा लावत नसत, विटाळ झाल्यासारख्या लांबून जात. सासऱ्यांना ती कुठे असते हेच ठाऊक नव्हतं. पट्टी कुठे बसते आणि कशी निघते हे घरात माझ्याशिवाय एकालाच माहीत होतं. मी डबा बंद केला आणि भात टाकायला गेले. रडू येत नव्हतं, चीड येत होती.

दुपारी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "एवढी वस्तू घरात इली, पण देवाक कोणी सांगलाच नाय. गाऱ्हाणा घालूक होया." आमच्याकडे होडी पाण्यात घालायची असो की म्हैस आटलेली असो, घरातला वडीलधारा देवाला गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. म्हटलं की ते आपलंही मागणं झालं, मागे घेता येत नाही.

नवरा बोटं चाटत म्हणाला, "घाला गाऱ्हाणा. पण सांगून ठेवतंय, तेच्यानंतरय चालू नाय झाला तर ह्या डबडा इकून टाकूचा. आणि हिना दुकानात बसाचा." सासऱ्यांनी मान हलवली. ठरलं.

त्याला खात्री होती. देव काही पट्टी आणून बसवणार नव्हता.

मी बाजारच्या दिवशी सुकी मासळी विकायच्या नावानं कुडाळला गेले आणि कोर्सच्या सरांकडून एक जुनी पट्टी घेऊन आले. लगेच बसवली असती तर त्यानं तीही काढली असती. म्हणून पिठाच्या डब्यात ठेवली आणि सासूबाईंना म्हटलं, "आये, बाबांका सांगा, कोणी मुद्दाम वायट केला आसात तर तेचाय गाऱ्हाण्यात घाला." त्यांना ते फार पटलं. त्यांचा संशय शेजारणीवर होता.

गाऱ्हाण्याच्या सकाळी सगळे परसात चहा पीत असताना मी पट्टी बसवली. डब्याचं झाकण नुसतं टेकवलं, स्क्रू लावले नाहीत. मग टेबलासमोर नारळ मांडला.

सासरे हात जोडून उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, लेकरांनी ठेवलेलो नारळ मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या यंत्राक कोणाची नजर लागली आसात तर ती दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." नवऱ्याचा आवाज सगळ्यांत मोठा.

"आणि कोणी जाणूनबुजून वायट केला आसात, तर तेच्या हातापायात तूच काय ता दाखव रे म्हाराजा."

सगळे म्हणाले. तो थांबला. सासूबाईंनी वळून बघितलं, तेव्हा तोही म्हणाला, पण अर्धवट.

मी बटण दाबलं. पडदा उजळला. सासूबाईंनी कानशिलांवर बोटं मोडली, सासऱ्यांनी नारळ फोडला. मी नवऱ्याकडे बघत होते. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. रिकाम्या खाचेचं यंत्र चालू झालेलं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. इतकं बरं मला लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात बंदरावर त्याच्या पायात मासळीचा काटा गेला. पावसाळ्यात असे काटे दर घरात कुणाला तरी लागतात. पण ह्याचा पाय पिकला, सुजला, ताप भरला. मी रोज गरम पाण्यानं पाय शेकून द्यायची. एकदा डोळे मिटूनच तो म्हणाला, "माझा काय चुकला आसात काय गो?"

"तुमचा काय चुकतला?" मी म्हटलं. "तुमी तर व्हय म्हटलास."

त्यानं पाय आखडून घेतला. मी तो परत ओढून घेतला आणि शेक चालू ठेवला. दया आली नाही.

पाय बरा झाला, पण जरा लंगडाच राहिला. तो कॉम्प्युटर पुढे कितीतरी वर्षं चालला, आणि नवरा दर वर्षी त्याच्यासमोर स्वतःच्या हातानं नारळ ठेवत राहिला. कधी पडवीत आला तर भिंतीच्या कडेनं जायचा. एकदा झाकण उचलून आत बघितलं असतं तरी सुटला असता. स्क्रू मी शेवटपर्यंत लावले नव्हते.