राहिलेल्या नऊ पायऱ्या

फोन आला तेव्हा मी आमच्या इमारतीच्या जिन्यात होतो, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, आणि हातात एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची होती. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तीनदा बजावलं होतं, जिन्यात सामान ठेवू नका. शेवटी त्या सकाळी मी ती खुर्ची घरात न्यायला निघालो होतो. फोनवर माझा मित्र जनार्दन याची मुलगी स्नेहल होती. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. मी खुर्ची होती तिथेच परत ठेवली. कठड्याला धरून उभा राहिलो आणि रडू येण्याआधी मला राग आला. म्हटलं, जना, मेल्या, नऊ पायऱ्या बाकी होत्या ना रे तुझ्या! आज या गोष्टीला सहा आठवडे झाले. तो राग अजून पुरता गेलेला नाही, आणि तो का आला हे सांगायचं तर बोटीपासून सुरुवात करायला हवी.

जनार्दन मूळचा वेंगुर्ल्याकडचा. वडील गिरणीत होते. गिरण्या बंद पडल्या तसं घराण्यातलं गिरणीकाम संपलं आणि हा बोटीवर फिटर म्हणून लागला. मी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, प्लॅस्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर. आमची ओळख सेक्टरमधल्या मैदानावर झाली, रविवारी सकाळी फुटबॉल खेळताना. सुट्टीवर आला की तो गोलकीपर म्हणून उभा राहायचा आणि स्वतः गोल खाल्ला की शिव्या आम्हाला घालायचा. एकदा त्याची बोट दक्षिण अमेरिकेतल्या एका बंदरात दुरुस्तीसाठी महिनाभर अडकली. त्या शहरात दोन मोठे क्लब, एक लाल जर्सीचा, एक हिरव्या. घराघरात त्यावरून भांडणं. जना लालवाल्यांच्या पार प्रेमात पडून परतला. येताना दोन जर्सी आणल्या. लाल स्वतः घातली आणि हिरवी माझ्या अंगावर फेकली. "मला का हिरवी?" मी विचारलं. "मग मी भांडणार कोणाशी, दिल्या?" अशा रीतीने मी हिरव्यांचा झालो, तो तीस वर्षं हिरव्यांचाच राहिलो. क्लबांची खरी नावं आम्हाला धड उच्चारताही येत नसत. लाल आणि हिरवे, एवढ्यावर आमचं भागलं.

जर्सीबरोबर त्याने एक नियमही आणला. तिकडच्या मोठ्या लढती दोन सामन्यांत होतात, एक सामना, म्हणजे एक 'लेग', याच्या मैदानावर, दुसरा त्याच्या, आणि दोन्हींचे गोल मिळून मोजतात. जनाला ही व्यवस्था इतकी न्याय्य वाटली की त्याने ती आमच्या अख्ख्या आयुष्याला लावून टाकली. कॅरम खेळायचा तर एकदा त्याच्या घरी, एकदा माझ्या. बांगड्याचं तिखलं कोणाचं चांगलं, सुमनवहिनींचं की आमच्या मंगलचं, हेही दोन घरी जेवून ठरायचं. बायका वैतागल्या, पण करत राहिल्या. एकदा पाण्याच्या टाकीवरून त्याच्या ओट्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी तणतणत घरी आलो. आठ दिवसांनी बेल वाजली. दारात जना. "आत येऊ काय? दुसरा लेग बाकी आहे," म्हणाला आणि सोफ्यावर बसून जिथे सोडलं होतं तिथून भांडण पुढे सुरू केलं. मंगलने चहा आणेपर्यंत आमचा आवाज वाढलेला होता, आणि चहा संपेपर्यंत टाकी कोणाला आठवतही नव्हती.

यंदा लाल आणि हिरवे त्या खंडाच्या क्लब फायनलमध्ये समोरासमोर आले. एकाच गावचे दोघं, आणि इतक्या वर्षांत अशा फायनलला पहिल्यांदाच गाठ. पण तोवर जनाचं हृदय थकलं होतं. पाय सुजायचे, आडवं झालं की दम लागायचा. डॉक्टरांनी जिना चढायला साफ मनाई केली होती. त्याचं घर तळमजल्यावर, त्यामुळे पहिला सामना सोपा गेला. तिकडे रात्र तेव्हा इकडे सकाळचे सहा. मी हिरवी जर्सी घालून त्याच्या पलंगाशी जाऊन बसलो. एक-एक बरोबरी झाली. टीव्ही बंद करताना मी सहज म्हणालो, "दुसरी मॅचपण इथेच बघू." जनाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या लाल क्लबला शिवी दिली.

"माझ्या घरी झाली ना एक? आता तुझ्या घरी."

"अरे, माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. चौपन्न पायऱ्या आहेत, जना."

"मोजल्यास ना? झकास. मी पण मोजत येतलंय."

मला वाटलं वहिनी अडवतील. त्या म्हणाल्या, "जाऊ दे त्यांना, भावोजी. नाही म्हटलं तर घरात कुढत बसतील, ते मला बघवत नाही." तेव्हा मी ती निळी खुर्ची आणून शेवटच्या वळणावर ठेवली. तिथे पंचेचाळीस पायऱ्या संपतात आणि नऊ उरतात. दुसऱ्या सामन्याच्या दिवशी जना लाल जर्सी घालून पावणेपाचलाच हजर झाला. तीन पायऱ्या चढायच्या, थांबायचं, पुन्हा तीन. हात द्यायला गेलो तर हिसडून टाकला. खुर्चीवर दहा मिनिटं बसला आणि मग उरलेल्या नऊ चढून माझ्या सोफ्यावर येऊन टेकला. घामाने जर्सी भिजली होती आणि चेहरा लग्नातल्यासारखा फुलला होता. टीव्ही लावला. खेळाडू मैदानात आले आणि स्टेडियमचे अर्धे दिवे गेले. तासभर थांबले, आणखी थोडं थांबले, आणि शेवटी सामना पुढे ढकलला. वाट लागली! मला जनाकडे बघवेना. त्याने पोहे मागितले. खाऊन झाल्यावर म्हणाला, "ठीक आहे. पायवाट कळली. परत येतो."

नवी तारीख दहा दिवसांनंतरची निघाली. त्या दहा दिवसांत तो आणखी उतरला. मी त्याच्या घरी जाऊन स्पष्टच बोललो. "बस झाला हट्ट. तू एकदा आलास, नियम पाळलास. मॅच झाली नाही हा तुझा दोष नाही." तो भडकला. "मी इलंय तेव्हा मॅच नाय झाली. म्हणजे माझा येणा धरूक होणा नाय. तू हिरवो आसस, तुका सोपा जिंकूचा आसा!" ते येणं मोजायचंच नाही म्हणे! आवाज चढला तसा खोकला आला, आणि मी पाण्याचा पेला पुढे केला. खरं सांगतो, तेव्हा मला त्याचा फार राग आला होता. मला मित्र हवा होता आणि तो नियम घेऊन बसला होता.

तरी दुसऱ्यांदा तो आलाच, मागून वहिनी. या खेपेला दोन पायऱ्यांवर थांबत होता, मग एकेकीवर. खुर्चीपर्यंत पोचला तेव्हा पावणेसहा वाजून गेले होते. बसला, आणि पुन्हा उठता येईना. दोनदा प्रयत्न केला. ओठ निळसर दिसायला लागले तसा मी खाली बसून त्याचे गुडघे धरले आणि म्हणालो, "इथेच बघायची. मी टॅब आणतो." मंगलने टॅब जिन्याच्या खिडकीत उभा केला, दुसऱ्या मजल्यावरच्या फर्नांडिस आंटींनी कॉफी आणली आणि मी पायरीवर बसलो. पाहुणा खुर्चीवर, यजमान पायरीवर. "जिनो तुझ्याच घराचो," जना दम खात म्हणाला, "म्हणजे मी इलंय." मी कबूल केलं. सामना चुरशीचा झाला. लालने पहिला गोल केला तेव्हा त्याने कठड्यावर असा हात आपटला की वरच्या मजल्यावरची दारं उघडली. मग हिरव्यांनी बरोबरी केली, आणि अगदी शेवटी दुसरा गोल. दोन्ही मिळून तीन-दोन. आम्ही जिंकलो.

जना टॅबकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ही मॅच तुझ्या घरी झाली नाही."

"आता म्हणालास ना, जिना माझ्याच घराचा!"

"ते सामना सुरू व्हायच्या आधी," तो म्हणाला. "तुझं दार तिकडे वर आहे. नऊ पायऱ्या बाकी आहेत. म्हणजे निकाल लागलेला नाही."

मी तेव्हा त्याला सोडून द्यायला हवं होतं. पण तीस वर्षांची सवय. म्हणालो, "बरं. नऊ पायऱ्या चढून ये, मग रेकॉर्डिंग लावतो." तो हसला, अगदी मनापासून, आणि म्हणाला, "येतलंय." वहिनी आणि मी त्याला बसवत-उठवत खाली नेलं. आता येण्याची पाळी त्याची, म्हणून मी त्याच्याकडे फिरकलो नाही. ती आमची शेवटची भेट. तीन आठवड्यांनी स्नेहलचा तो फोन आला.

तेराव्याला मी वहिनींसमोर बसलो आणि छातीवरचा दगड बाजूला केला. म्हटलं, वहिनी, मी त्या नऊ पायऱ्या त्याच्या डोक्यात घालायला नको होत्या. चुकलंच माझं. वहिनींनी मला दाराशी नेलं. बाहेर ओट्याला एक पायरी आहे. "रोज सकाळी इथे येऊन चढायचे आणि उतरायचे," त्या म्हणाल्या. "नऊ झाल्या की थांबायचे. कधी चारच व्हायच्या, तर संध्याकाळी पाच. मी ओरडले तर म्हणायचे, दिल्या वर वाट बघतोय..." मी वाकून त्या पायरीला हात लावला. वहिनी पुढे म्हणाल्या, "तुम्ही त्या ठेवल्या नसत्यात ना, भावोजी, तर ते पलंगावरून उठलेच नसते." त्यांनी लाल जर्सी मला देऊ केली. मी घेतली नाही. ती त्याच्याच घरी असायला हवी, माझी हिरवी माझ्या घरी आहे.

सेक्रेटरींना मी सांगून टाकलंय की खुर्ची हलणार नाही. हवं तर मीटिंगमध्ये विषय काढा, मी दोन मीटिंगा भांडायला तयार आहे. आता फर्नांडिस आंटी भाजी घेऊन येताना तिच्यावर टेकतात, वरचे आजोबा टेकतात. मी टेकत नाही. माझेही गुडघे कुरकुरतात, पण वळणावर आलो की कठडा धरून पुढच्या नऊ पायऱ्या न थांबता चढतो आणि दाराशी उभा राहून मोजतो. त्याच्या पंचेचाळीस, माझ्या नऊ. दोन्ही मिळून मोजायच्या, असाच आमचा नियम आहे.