भट्टीचं बोट आणि दाजींचा पासवर्ड

भट्टी गेला. आता लोक येतात, बसतात आणि म्हणतात माणूस चांगला होता. चांगला कसला, तिरसट होता. गेला म्हणून खोटं कशाला बोलायचं. सकाळी उठला की आज कोणाशी भांडायचं ते बघायचा, आणि कोणी नाहीच सापडलं तर चपलेशी भांडायचा. एक सापडली की दुसरी मुद्दाम लपली म्हणायचा. वीस वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये काढली, उणे वीसच्या खोलीत, जिथं पापणीवर बर्फ धरतो, पण डोकं काही थंड झालं नाही. म्हणून कामावरच्यांनी भट्टी नाव पाडलं. मग घरातही तेच. त्याची बायको, आमची वहिनी, तीसुद्धा दारातूनच सांगायची, "भट्टी पेटलीय, आज चहा पिऊन जा आणि गप जा."

पण त्याचं बोट गेलं ते रागानं नाही गेलं. ते कोणामुळे गेलं यावरून घर फुटलं. आणि मरेपर्यंत तो एकच मागत होता, दाजींनी एकदा तोंडानं म्हणावं की हे माझ्यामुळे झालं. बाकी त्याला काही नको होतं.

दाजी म्हणजे आमच्या धाकटीचा नवरा. धाकटी म्हणजे भट्टीच्या पाठची बहीण. लग्नानंतर दाजी वर्षभर घरी बसून होते, तेव्हा भट्टीनंच साहेबाच्या हातापाया पडून त्यांना कोल्ड स्टोरेजमध्ये चिकटवलं. भट्टी आयुष्यात एकदाच कोणाच्या पाया पडला, तो असा. दाजी शिकलेले, इंग्रजी वाचणारे, पाच वर्षांत सुपरवायझर झाले. काचेच्या केबिनमध्ये पायाशी हीटर घेऊन बसायला लागले. उंटावरून शेळ्या हाकायच्या. आणि ज्यानं चिकटवलं त्यालाच हाकायचं म्हणजे दोघांनाही रोज काटा टोचायचा. भट्टी सगळ्यांसमोर "काय दाजी, ऊब लागते ना?" असं विचारायचा. दाजी हसून म्हणायचे, "दादा, तुमचीच कृपा." हसणं ओठांपुरतं. आत दोघं एकमेकांना पाण्यात बघायचे.

भट्टीचं काम तसं साधं. माल आला की गोठलेल्या मटारच्या, माशांच्या पेट्या रॅकवर लावायच्या, आणि गाडी लागली की जुना माल आधी काढायचा. कुठली पेटी कुठं ते त्याच्या डोक्यात, आणि पेटीवर खडूची खूण. चुकायचा नाही. शिव्या द्यायचा पण चुकायचा नाही.

मग ती मशीनं आली. दहा. काळी, जाडजूड, चारी बाजूंनी रबर, पोटाशी बंदुकीसारखा घोडा. घोडा दाबला की लाल रेघ पडायची, पेटीवरचा बारकोड वाचला की टूं करायचं. विकणाऱ्या माणसानं सगळ्यांसमोर एक मशीन डोक्यावर धरलं आणि खाली सोडलं. धाडकन पडलं. उचलून दाखवलं, चालू. म्हणाला, थंडीत चालतं, पाण्यात चालतं, आपटलं तरी फुटत नाही. भट्टी म्हणाला, "माणूस असं बनवतात का कुठं?" सगळे हसले, दाजी नाही हसले.

मशीनं मांडायचं काम दाजींकडे. दोन दिवस केबिन बंद करून बसले होते. एकेक मशीन खाचेत चार्जिंगला लावायचं, तारीख वेळ घालायची, नेट जोडायचं, प्रत्येकाचं नाव आणि चार आकडी नंबर टाकायचा, आणि मग आतलं काय चालू काय बंद ते ठरवायचं. त्या आतल्या भागाला पासवर्ड. पासवर्ड एकट्या दाजींना माहीत.

पहिल्या दिवशी सगळं हातमोजे घालूनच चाललं. पेटी वाचली की मशीनच्या काचेवर विचारायचं किती, तिथं आकडा दाबायचा, मग ठीक दाबायचं. पण कोल्ड स्टोरेजचा हातमोजा म्हणजे उशीच. कोणाचं तरी बोट दोनदा लागलं आणि चारच्या चव्वेचाळीस पेट्या झाल्या. संध्याकाळी हिशोबात माल जुळेना. साहेबानं दाजींना उभ्या उभ्या सोलून काढलं, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. दुसऱ्या दिवसापासून मशीन हातमोज्याला ओळखेना. कितीही दाबा, दगड. उघडं बोट लावलं की लगेच चालायचं.

भट्टी केबिनमध्ये गेला. "दाजी, काल चालत होतं."

"काल चुकत होतं, दादा."

"मग आज काय, हातमोजा काढून काम करायचं? उणे वीसमध्ये?"

"एक बोट तर लावायचंय. एवढं काय त्यात. मशीनच तसं आहे, मी काय करू?"

मशीनच तसं आहे. हे वाक्य दाजींनी पुढं तीन महिने वापरलं.

दर पेटीला हातमोजा काढा, दाबा, परत घाला. दिवसाला पाचशे पेट्या. उशीर झाला की मशीनमध्ये दिसायचं कोण किती वेळ थांबला, आणि दाजी केबिनच्या काचेवर टकटक करून घड्याळ दाखवायचे. पोरांनी उपाय काढले. लंबू म्हणून एक आहे, उंच, भट्टीच्याच पाळीतला, त्यानं शोध लावला की गाजराचा तुकडा काचेवर लावला तरी मशीनला बोट वाटतं. मग काय, सगळ्यांच्या खिशात गाजरं. एकमेकांना विचारायचे, "आज भाजी कोणती?" पण आत दहा मिनिटांत गाजराचा दगड व्हायचा, की संपलं. भट्टी लंबूला म्हणाला, "तुझ्या डोक्यासारखं आहे, बाहेर चालतं, आत गोठतं."

शेवटी भट्टीनं कात्री घेतली आणि उजव्या हातमोज्याच्या पहिल्या बोटाचं टोक कापलं. वहिनीला सांगून त्याला लोकरीचं झाकण शिवून घेतलं, वर उचललं की बोट बाहेर. वहिनी शिवताना म्हणाली, "हे बरं नाही." तो म्हणाला, "शीव ग, सल्ला नको देऊस." आता वहिनी तेवढंच घोकत बसते, की आपणच शिवून दिलं. तिला कितीदा सांगितलं पण ऐकत नाही.

झाकण काय, दर पेटीला उचलायचं, कामाच्या धांदलीत कोण ते परत खाली ओढतंय. बोट उघडंच राहायचं. आधी पांढरं पडलं. मग टाचणी टोचली तरी कळेना. घरी त्याचीही मस्करी करायचा, म्हणायचा, "बघा, दुखत नाही, पैलवान झालोय." मग निळं, मग टोकाला काळं. डॉक्टरनं बघितलं आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" भट्टी म्हणाला, "पेट्या मोजत होतो." पहिलं पेर काढावं लागलं.

दवाखान्यात दाजी आले, फळं घेऊन. भट्टीनं तोंड भिंतीकडे केलं. दाजी धाकटीला म्हणाले, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं, "हातमोजा कापायची काय गरज होती? नियम आहे, हातमोजा कापायचा नाही." धाकटी नवऱ्याची बाजू घेऊन म्हणाली, "दादा, खरंच रे, तू कापायला नको होतास." भट्टी भिंतीलाच म्हणाला, "फळं घेऊन जा. आणि तूही जा."

महिन्यानं कंपनीचा कागद आला. कामगारानं स्वतः हातमोजा कापल्यामुळे इजा झाली, खाली सही. चूक कंपनीची असेल तर त्याला बाहेर, फाटकावरचं काम द्यावं लागणार होतं, कारण डॉक्टरनं थंडी बंद केली होती. चूक त्याची असेल तर सरळ घरी. कागद लिहिला होता दाजींनी. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशातली गत.

भट्टी कागद घेऊन थेट केबिनमध्ये. बरोबर त्याच दिवशी मशीनं तपासायला मशीनवाल्या कंपनीकडून एक बाई आल्या होत्या. थंडीत बॅटरी लवकर उतरत होत्या म्हणून बोलावलं होतं. खाली बसून एकेक मशीन उघडून बघत होत्या. हे दोघं त्यांच्या डोक्यावर भांडत होते.

"सही करा दादा, उगाच ताणू नका."

"कशावर? बोट मी खाल्लं म्हणून?"

"मशीन हातमोज्यावर चालत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं."

बाईंनी वर बघितलं. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत काय चाललंय. म्हणाल्या, "चालतात की हातमोज्यावर. थंडीच्या गोदामासाठी घेतली ती याच्यासाठीच." आणि बोटानं मशीनमध्ये खाली खाली जात गेल्या. "हे बघा, इथं बंद केलंय. आली त्याच आठवड्यात. सुपरवायझरच्या पासवर्डनं. परत चालू करायला एक मिनिट लागत नाही."



दाजी म्हणाले, "बाई, तुम्ही बॅटरीचं बघा."

भट्टीनं टेबलावरचं मशीन उचललं आणि फेकलं. दाजींच्या कानापासून हातभर अंतरावर भिंतीला लागलं, खाली पडलं आणि जमिनीवर पडून टूं केलं. भट्टी म्हणाला, "फुटत नाही म्हणाले होते. खरं निघालं. तुमच्या केबिनमध्ये एवढं एकच खरं." मग जवळ गेला. "दाजी, आत्ता या बाईंसमोर म्हणा. हे माझ्यामुळे झालं. एवढं म्हणा, मी सही करतो, जातो घरी, तुमचं तोंड बघत नाही."

दाजींनी फोन उचलून साहेबाला बोलावलं.

आता गंमत बघा त्या मशीनची. ते पडलं की त्याच्या पोटात नोंद होते, किती वाजता, किती जोरात. साहेबानं ती नोंद काढून भट्टीसमोर धरली. कंपनीचं मशीन जाणूनबुजून आपटलं, सुपरवायझरच्या अंगावर धावून गेला, कामावरून कमी. त्याच यादीत थोडं वर दाजींची नोंद होती, तारखेसकट. बाईंनी ती दाखवली, खोटं कशाला बोलायचं, त्यांनी दाखवली. साहेब म्हणाला, ती सेटिंगची बाब आहे, शिस्तीची नाही. म्हणजे भट्टीनं जे केलं ती शिस्त, आणि दाजींनी जे केलं ती सेटिंग.

वीस वर्षं अशी संपली. हातमोजेसुद्धा परत मागितले. कापलेला होता तोही मोजून घेतला.

नंतरचे नऊ महिने घरी. घरी म्हणजे वहिनीचे हाल. कप डाव्या हातानं धरायचा, सांडायचा, आणि कपावर ओरडायचा. शर्टाचं बटण लागेना की वहिनीला हाक मारायचा नाही, उघडाच बसायचा. धाकटी यायची, एकटी. तिला तो पुन्हा पुन्हा सांगायचा, बाईंनी काय दाखवलं, कुठं बोट ठेवून दाखवलं. धाकटी म्हणायची, "हे म्हणतात बाईंचं चुकलं. हे म्हणतात मशीनच तसं होतं." भट्टी म्हणायचा, "तो म्हणतो ते तू ऐकतेस, भाऊ म्हणतो ते नाही. जा, घर सांभाळ तुझं." ती रडत जायची. दाराबाहेर गेली की खिडकीतून बघायचा, आणि आपण बघतोय हे वहिनीनं बघितलं की तिच्यावर खेकसायचा.

एक दिवस दुपारी जेवून उठला, हात धुतले, छातीत कळ आली म्हणाला आणि खुर्चीवर बसला तो बसलाच. दवाखान्यात नेईपर्यंत गेला.

लोक आले. कोल्ड स्टोरेजचे सगळे आले, सुट्टी टाकून. लंबू जमिनीवर बसला होता, गुडघे कानाला लागले होते, आणि वहिनीला सांगत होता. धाकटी पाण्याचा तांब्या घेऊन मागंच उभी होती. लंबू म्हणाला, "वहिनी, हे गेले ना कामावरून, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मशीनं घेतली तर हातमोज्यावर चालायला लागली. दहाच्या दहा. कोणी काही सांगितलं नाही, आम्हीपण विचारलं नाही. सगळ्यांना कळलं. आम्ही हातमोजे घालून काम करतोय तेव्हापासून, आणि आम्ही गप्प बसलो. भट्टीला तोंड दाखवायला यायची हिंमत नाही झाली." आणि मोठा बाप्या हुंदके द्यायला लागला.

धाकटीनं तांब्या खाली ठेवला.

तेवढ्यात दाजी आले. दारात चपला काढल्या, पडलेला चेहरा केला, म्हणाले, "माणूस सोन्यासारखा होता."

धाकटी म्हणाली, "किती वेळ लागतो?"

"कशाला?"

"ते परत चालू करायला. हातमोज्याचं."

दाजींनी आजूबाजूला बघितलं. खोली भरलेली. "ही काय वेळ आहे का हे विचारायची?"

"हीच वेळ आहे. दादाचं बोट शाबूत होतं तेव्हा नाही विचारलं, माझंच चुकलं. आता विचारतेय. बंद कोणी केलं?"

"अगं, वरून बोलणी खाल्ली होती मी, सगळ्यांसमोर..."

"बंद कोणी केलं?"

"मी केलं." आवाज इतका बारीक की मागच्यांना लंबूनं सांगितलं काय म्हणाले ते.

"आणि चालू करायला किती वेळ लागला?"

"मिनिटभर."

धाकटीनं वळून भट्टीकडे बघितलं. तिथं तो होता, पांढऱ्या चादरीखाली. ज्याला ऐकायचं होतं त्याच्या कानात आता कापूस. ती परत नवऱ्याकडे वळली आणि म्हणाली, "हे आधी म्हणाला असतात तर त्यानं तुम्हाला शिव्या देऊन जेवायला बसवलं असतं. एवढाच होता तो."

दाजी दारात उभे राहिले. आत यायचं की जायचं त्यांना कळेना. कोणी बसा म्हणालं नाही. वहिनीनं फक्त एवढं केलं, उठून त्यांच्या चपला बाहेरच्या पायरीवर सरळ करून ठेवल्या, जाताना घालायला सोप्या पडतील अशा.