सुनेच्या गिटारला माझा कान

आता तुम्ही चहाला बसलाच आहात, तर लाज गिळून सांगूनच टाकतो. हसायचं तर हसा, फक्त चहा सांडू नका. ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलीत तर त्यात मीठमसाला जास्त येईल. माझ्या तोंडून ऐकलीत तर वेळ लागेल, एवढंच. मी बोलायला मंद माणूस. माझं एक वाक्य होईपर्यंत समोरच्याचा चहा निवतो.

शाळा माझी नावापुरती. पण गावात माझ्या कानाला मान होता. आमच्या सास्तूरच्या भजनात पखवाज लावायचा झाला की मलाच हाक यायची. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात. कणीक जास्त झाली की आवाज बसतो, कमी झाली की पोकळ येतो. ती किती हवी हे मी लांब बसून, डोळे मिटून सांगायचो. लोक म्हणायचे, नानाचा कान म्हणजे सोनाराचा काटा. असं चारचौघांत कुणी म्हटलं की माणूस बिघडतो. मीही बिघडलो.

तर माझी सून रेणुका. मुलगा दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर, आज इथं तर उद्या हैदराबादला. घरात आम्ही तिघंच, मी, आमची मंडळी आणि रेणुका. ही पोरगी गिटार वाजवते. लग्नात भांड्यांच्या मागं ते काळं खोकं उतरलं तेव्हा आमच्या भावकीनं विचारलं होतं, "नाना, ह्यात काय, वीणा?" वर्षभर ते खोकं कॉटखाली पडून होतं. मलाच राहवेना. एक दिवस म्हटलं, "बाय, कॉटखाली ठेवून वाळवी लागंल त्याला. वाजीव की."

ती रडलीच. मग हसली. मग वाजवायला लागली.

गिटारसोबत एक पेटी होती, जमिनीवर ठेवून पायानं दाबायची. चार बटणं. बटण बदललं की गिटारचा आवाजच बदलतो. एक आवाज साधा, गरीब गाईसारखा. दुसरा विहिरीत वाकून बोलल्यासारखा घुमणारा. तिसरा खवळलेला, खरखरीत. चौथा एकट्यानं पुढं येऊन मिरवायचा. मी ते बघून गार झालो. एका वाद्यात चार भाऊ, आणि वाटण्यांचं भांडण नाही.

पण भांडण होतंच.

"मामा, ह्यांची तोंडं सारखी करायची हायत," रेणुका म्हणाली. "घरात हळू वाजवलं की चौघं सारखी लागतात. मोठ्यानं वाजवलं की एक कुजबुजतो अन् दुसरा अंगावर येतो."

"मग सगळ्यांच्या आवाजाचा आकडा सारखा ठेव की."

"आकड्यावर न्हाय भागत. खवळलेल्याला कमी आकडा दिला तरी तो जास्तच ओरडतो. अन् आवाज सारखा झाला तरी कुणाचा जाड, कुणाचा किनरा. ते कानानंच बसवावं लागतं. तेबी मोठ्या आवाजात, मोकळ्या जागंत."

कानानं. झालं. माझी मान ताठ झाली.

आता ह्यात घाई का होती, ते ऐका. मुरुम गावचे चन्नप्पा, त्यांचा लग्नात वाजवायचा ऑर्केस्ट्रा आहे. त्यांचा गिटारवाला पुण्याला निघून गेलेला. रेणुकाच्या वडिलांची त्यांची ओळख, म्हणून येळवसला आमच्या रानात जेवायला यायचं त्यांनी कबूल केलं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावं ओस पडतात अन् रानं भरतात. जेवायला बोलावलं तर कुणी नाही म्हणत नाही. चन्नप्पांनी निरोप धाडला होता, जेवतो, पोरीचं ऐकतो, बरं वाटलं तर ह्या लग्नसराईपासून घेतो. रेणुका आठ दिवस जेवली नाही धड. भाकरी हातात धरायची आणि बोटं तिच्यावरच गिटारसारखी चालवायची.

येळवसच्या आधी एका सकाळी आम्ही दोघं रानात गेलो. चार्जिंगवर चालणारा मोठा स्पीकर तिनं कोपीपाशी, म्हणजे कडब्याच्या झोपडीपाशी मांडला, तोंड ज्वारीकडं करून. ती स्पीकरच्या मागं उभी राहिली.

"मागं मला खरा आवाज कळत न्हाय, मामा. किनरा आवाज सरळ पुढं जातो. तुमी तिकडं बांधावर बसा. आवाज वाढवायचा असला की हात वर. कमी करायचा असला की खाली."

"अन् जाड-किनऱ्याचं?"

"ते वरडून सांगा."

"कणीक म्हणंन. जाड झाला की म्हणंन कणीक काढ."

ती खूप हसली. पण आम्हाला ती भाषा जमली.

मी बांधावर जाऊन लिंबाखाली बसलो. उपरणं मांडीवर, डोळे मिटलेले. तिनं पहिला आवाज लावला. जाड लागला. मी ओरडलो, "कणीक काढ." तिनं काढली. अजून जाडच. "अजून काढ." किनरा काही येईना. मी हात वर केला. तिनं वाढवला. अजून वर केला. अजून वाढवला. दुसरा, तिसरा, चौथा, सगळ्यांची कणीक खरवडून काढली आणि सगळ्यांना वर चढवलं. शेवटी चौघं सारखे आले. कसे? दोराला टांगलेल्या घुंगरांसारखे, बारीक, मोकळे.

रेणुकानं मागनं विचारलं, "मामा, टोचत न्हाय ना कानाला?"

"टोचतंय कशाचं? सायीवरनं बोट फिरवल्यागत हाय."

तिनं पेटीत ते सगळं जपून ठेवलं. घरी येताना मी बैलगाडीत इतका ताठ बसलो होतो की वाटेत दोघांनी विचारलं, नाना, पाठ धरली का?

येळवसचा दिवस आला. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडले, पूजा झाली. सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यात आंबील. शेजारच्या रानातली माणसं आली. चन्नप्पा आले, धोतर, पांढरी टोपी, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. जेवले. आंबील मागून घेतली. मग घोंगडीवर बसून म्हणाले, "हं, वाजीव ताई."

सगळे स्पीकरच्या पुढ्यात बसले होते. चन्नप्पा अगदी मधोमध. मी त्यांच्या मागं, ठरल्याप्रमाणं रेणुकाच्या नजरेसमोर.

तिनं सुरू केलं. मला अंगावर काटा आला, इतकं नितळ. आणि बघतो तर काय, चन्नप्पांचा हात कानाला गेला.

आता तुम्हीच सांगा. आमच्या भजनात गुरूची आठवण झाली की माणूस कानाला हात लावतो. मला वाटलं, पहिल्याच सुरात ह्यांना गुरू आठवले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मीही कानाला हात लावला आणि वर बघून नमस्कार केला.

रेणुकानं दुसरं बटण दाबलं. शेजारच्या रानातल्या गोदाबाईनं दोन्ही कानांना हात लावले. तिचा गुरू मला माहीत नव्हता, पण असेल. तिसरं बटण दाबलं तेव्हा सगळ्या घोंगडीनं कानाला हात लावले. ज्वारीतनं पाखरांचा थवा उठला, सगळा एकदम. कोपीमागं बांधलेला आमचा बैल दाव्याला हिसके द्यायला लागला. मी मनात म्हटलं, जनावराला सुद्धा कळतं.

रेणुकाचा चेहरा उतरला होता. ती माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, पोरगी घाबरली, हिला धीर द्यावा. म्हणून मी हात वर केला.

तिनं वाढवला.

मी अजून वर केला. तिनं चौथं बटण दाबलं.

"साकु, साकु," चन्नप्पा उठून उभेच राहिले. "साकु, ताई."

साकु म्हणजे पुरे. एवढं कानडी मलाही येतं. माझा हात वरच राहिला.

सगळं थांबलं. चन्नप्पा कानात करंगळी फिरवत म्हणाले, "बोटं चांगली हायत तुजी. पण हे काय लावलंय? सुया टोचल्यासारखं. कुणी बसवलं हे?"

रेणुकानं माझ्याकडं पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही. खाली बघून म्हणाली, "माझंच चुकलं, अप्पा. मीच बसवलं."

ते ऐकलं आणि मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. पोरीनं वर्षभर वाट बघितलेली घटका मी घालवली, आणि वर तीच मला झाकत होती. मी गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. आंबीलीचा पेला खाली ठेवला.

मग उठलो. "ती खोटं बोलती. बसवलं म्या. तिकडं बांधावर बसून, ह्या हातानं."

चन्नप्पांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काका, पाखरं ऐकू येतात का तुमाला?"

"पाखरं मोप हायत की. ती काय, परत बसली ज्वारीवर."

"दिसतात न्हवं. ऐकू येतात का?"

मी नीट कान दिला. म्हटलं, "आता कुठं बोलतात ती. फवारणीनं मुकी झाली बिचारी. लई वर्षं झाली."

मग गोदाबाईनं पदर तोंडात धरला. एक जण फिसकला, आणि सगळं रान हसायला लागलं. रेणुका जवळ आली, हळूच म्हणाली, "मामा, ज्वारीत किलबिल चाललीय. तुमी आलात तवापासनं."

मी ज्वारीकडं बघितलं. पाखरांच्या चोची हलत होत्या. आवाज नव्हता.

आमची मंडळी कमरेवर हात ठेवून उभी. "आता कळलं. अहो, कुकरची शिट्टी हुईना म्हणून तुमी चांगला कुकर लोहाऱ्याच्या बाजारात दुरुस्तीला टाकून आला. मी वरडले, शिट्टी हुतीया, शिट्टी हुतीया. मला वाटलं, तुमी मुद्दाम माझं ऐकत न्हाय."

"तुझा आवाज जाड हाय, तो येतो," मी म्हटलं. हेही बोलायला नको होतं.

किनरा आवाज माझ्या कानातनं कधी गेला, मला पत्ता नाही. पखवाजाची कणीक कळत होती, म्हणून मी समजत होतो सगळं कळतंय. जे येत नव्हतं, ते ह्या पोरीकडनं वाढवून वाढवून मागत बसलो.

चन्नप्पा मात्र मोठे माणूस. जाताना रेणुकाला म्हणाले, "मुरुमला ये. आमच्या खोलीत ये. वायर लांब घे, स्वतः स्पीकरच्या पुढं उभी राहा, अन् आपल्या कानानं बसव. मग ऐकू." मग माझ्याकडं बघून, "काका येऊ देत. बाहेर बसतील."

मी जाणार नव्हतो. कोणतं तोंड घेऊन जायचं? पण रेणुका म्हणाली, "तुमी न्हाय आला तर मीबी न्हाय." मग काय करता. एसटीत गिटारचं खोकं मांडीवर घेऊन गेलो.

ती आत गेली, दार लागलं. समोर चहाची टपरी होती, तिथल्या बाकड्यावर मी बसलो. मनात एकच भीती, की मला काही ऐकू येईल, मी मान डोलवीन, आणि कुठूनतरी तिला ते दिसेल. म्हणून दोन्ही कानांत कापूस कोंबला. वरनं उपरणं गुंडाळलं. आणि भिंतीकडं तोंड करून बसलो. टपरीवाला काहीतरी म्हणाला. मी बोट दाखवून चहा मागितला. तो परत काहीतरी म्हणाला. मी परत चहा मागितला. असे बरेच चहा झाले. देवाला म्हटलं, ह्या पोरीला यश दे, आणि माझ्या हाताला जरा आवर.

किती वेळ गेला कळलं नाही. कुणीतरी खांद्याला हात लावला. वळून बघतो तर रेणुका. खोकं पाठीला, तोंडभर हसू, डोळे ओले. ओठ हलत होते. मी उपरणं सोडता सोडता एका कानातला कापूस गुपचूप काढून मुठीत लपवला.

"काय म्हणतीस? सुरू करायचंय का? मी लांब जातो, अजून लांब."

"मामा, झालं. घेतलं मला. तिसऱ्या बटणाला तर अप्पा स्वतः ताल धरत व्हते."

टपरीवाला म्हणाला, "बाबा, मघापासनं सांगतोय, आत लई झकास वाजतंय, ऐका. तुमी नुसता चहाच मागताय."

मी उठलो. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. ती आनंदात भोळ्या मनानं विचारती झाली, "मामा, बाहेर कसं ऐकू आलं?"

ऐकलं तर काहीच नव्हतं. पण एवढ्या मायेनं विचारलेल्याला 'ठाऊक न्हाय' कसं म्हणायचं? मी म्हणालो, "लई ग्वाड लागलं, बाय. एकदम बारीक अन् नितळ."

तिचं हसू जागच्या जागी थिजलं.

"थांबा हितंच," म्हणाली, आणि खोकं पाठीवरनं उतरवत उलट्या पावली आत पळाली. मी टपरीवाल्याला विचारलं, काय विसरलं हिचं?

तो म्हणाला, "ताई आत अप्पांना वरडून सांगत्याती. सासऱ्याला आवडलंय, एकदा परत तपासू द्या."