नीलेशच्या मांडीतली प्लेट

गेल्या महिन्यात एका दुपारी सावनेरहून मावशी माझ्या धरमपेठेतल्या चष्म्याच्या दुकानात आली. एकटीच. पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढून तिने काउंटरवर ठेवली... आत काळीठिक्कर पडलेली स्टीलची एक पट्टी होती.

माझा मावसभाऊ नीलेश डेंग्यूने गेला, त्याला तेव्हा पंधरवडाही झाला नव्हता. दोन वर्षांपूर्वी गाडीवरून पडून त्याची मांडी मोडली होती, तेव्हा ऑपरेशन करून आत बसवलेली ही प्लेट. राख सावडताना सापडली. मावसाजी म्हणाले, अस्थींबरोबर नदीत सोडून दे. मावशीने ती पदरात लपवून ठेवली.

घरी ब्रशने घासून पाहिली, पण स्क्रूच्या भोकांतली काजळी निघेना. तुझ्या त्या मशीनमध्ये होईल का, एवढंच तिने विचारलं.

मशीन म्हणजे चष्मे धुवायचा स्टीलचा छोटा टब... अल्ट्रासोनिक. कोमट पाणी, लिक्विड सोपचे थोडे थेंब. आधी जरा वेळ नुसताच चालवायचा, म्हणजे पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते. वस्तू तळाला टेकवायची नाही, जाळीत ठेवायची. तळाखालच्या कंपनांमुळे पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे होतात आणि वस्तूला लागूनच फुटतात... ब्रश पोचत नाही तिथला मळ ओढून काढतात. हे सगळं मी मावशीला सांगत बसले, कारण दुसरं काय बोलावं तेच सुचत नव्हतं.

चालू करताच प्लेटमधून धुरासारखी काजळी निघाली. मावशी पाण्यात हात घालायला गेली... मी तिचं मनगट धरलं. चालू टबमध्ये बोटं घालायची नसतात.

पाणी बदललं, पुन्हा लावलं. हळूहळू पाणी स्वच्छ राहू लागलं. फक्त मधल्या एका भोकापासून काळा बारीक धागा निघतच राहिला... थांबेना. मशीन बंद करून मी प्लेट भिंगाखाली धरली. भोकापासून थेट कडेपर्यंत चीर गेली होती.

मावशीने भिंग माझ्या हातून घेतलं. बराच वेळ पाहत राहिली.

"हे आगीनं झालं, का आधीचंच होतं वं?"

मला माहीत नव्हतं. आजही नाही. आगीनेही होऊ शकतं, असं मी म्हणाले.

"मले म्हणे, आई, आतून टोचून राहिलं. तुझे मावसाजी म्हणत, कामाचा कंटाळा आहे त्याले. मग मीबी तेच म्हणाले लागली."

पाय दुखतो म्हणून नीलेशने कापसाच्या जिनिंग कारखान्यातलं काम सोडलं होतं. पुन्हा एकदा एक्स-रे काढून पाहू, असं तो अधूनमधून म्हणायचा... ते राहूनच गेलं.

मावशी रडली नाही. जाळाचे निळसर डाग तसेच राहिले होते. तिने प्लेट पुसली, रुमालात बांधली आणि एसटीने परत गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मावसाजींनी प्लेट हातात घेतली, चिरेवरून नख फिरवलं, आणि जेवायला उठलेच नाहीत. नदीत सोडायचं नाव आता ते काढत नाहीत.

चष्मा कानामागे टोचतो असं गिऱ्हाईक म्हणालं, की 'होईल सवय' म्हणून वाटेला लावायची आमच्या धंद्यात रीत आहे. मी आता आधी चष्मा काढून हातात घेते... आणि नीट बघते.